देशी झाडांच्या बोन्सायसाठी साधं मिश्रण: मुरूम, वीट, पानखत आणि चाळणी

वड, उंबर, बाभूळ, शमी, बोर, करवंद यांची बोन्साय नाशिकमध्ये वाढवायची तर जपानहून येणारी महागडी अकादामा (बोन्सायसाठीची दाणेदार माती) लागत नाही. शेतातली काळी माती तर मुळीच लागत नाही. लागतं असं मिश्रण, की ज्यातून पाणी दिल्याबरोबर खाली उतरेल, पण कणांच्या पोटात थोडं मुरून राहील. मुरूम, पक्की भाजलेली वीट आणि कुजलेला पालापाचोळा एवढ्यावर ते बनतं, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या आसपास मिळतात. खरी मेहनत आहे ती चाळण्याची. नेमकी तीच पायरी बहुतेक जण सोडून देतात, आणि मग झाड मेलं की दोष प्रमाणाला देतात. म्हणून इथे प्रमाणांपेक्षा कणांच्या आकारावर जास्त लिहिलं आहे.

शेतात चालणारी माती उथळ कुंडीत का चालत नाही

"झाड इथलंच आहे, इथल्याच मातीत वाढतं, मग कुंडीत तीच माती का नको?" हा प्रश्न रास्त आहे. बाभूळ निफाड-येवल्याच्या काळ्या शेतांच्या बांधावर मजेत वाढते. पण तिथे मातीचा थर खोल असतो. पाऊस पडला की पाणी खालच्या मातीकडे ओढलं जातं, वरच्या थरातली पोकळी मोकळी होते, तिथे हवा शिरते आणि वाफसा येतो. कुंडीत मात्र ५-६ सेंटीमीटरवर तळ लागतो. खाली ओढणारं काहीच नसतं. त्यामुळे तळाशी एक थर कायम पाण्याने भरलेला राहतो, भोक कितीही मोठं असलं तरी.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर भांडी घासायचा नवा स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवा, आडवा धरा आणि गळायचं थांबेपर्यंत तसाच ठेवा. आता दाबू नका, फक्त लांबीच्या बाजूने उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. उंची वाढली म्हणून पाणी सुटलं. बोन्सायचा ट्रे म्हणजे आडवा धरलेला स्पंज. कुंडी जितकी उथळ, तितका तिच्यातला ओला भाग मोठा.

या ओल्या थराची जाडी ठरते कणांच्या आकारावर. बारीक कणांत पाणी वर चढून बसतं, जाड कणांत चढू शकत नाही. काळ्या मातीचे कण इतके सूक्ष्म असतात की ५ सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये ओला थर थेट पृष्ठभागापर्यंत पोचतो, म्हणजे मुळांना हवेसाठी जागाच उरत नाही. त्यात भर म्हणजे बेसाल्ट झिजून तयार झालेली आपली ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. भेगांमध्ये बारीक मुळं तुटतात, आणि पुढचं पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली निघून जातं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, निचरा छान आहे. आत गोळा कोरडाच असतो.

तळाशी जाड खडी घालून निचरा सुधारतो, हा समजही इथेच सोडावा लागेल. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही. ते सीमेवर अडून राहतं. म्हणजे खडी घातल्याने ओला थर तितकाच वर सरकतो आणि मुळांना उरलेली जागा आणखी कमी होते. तळापासून वरपर्यंत एकाच आकाराचे कण भरणं हेच बरं.

जुन्या नाशिकच्या वाड्यांच्या भिंतींमध्ये उगवलेले वड-पिंपळ पाहा. विटांच्या सांध्यात, मूठभर मातीही नसताना, त्यांनी खोडं जाड केलेली असतात. त्यांना विटेचा ओलावा मिळतो आणि भोवती हवा मिळते. आपल्याला कुंडीत तेवढंच साधायचं आहे.

मुरूम

घराच्या पायासाठी किंवा विहिरीसाठी खोदकाम चालू असेल तिथे मुरूम मिळतो. मालकाला विचारून एक-दोन गोण्या भरून आणा. टेकडीचा पायथा उकरून आणू नका. मुरूम हे गौण खनिज आहे, त्याच्या उत्खननाला परवानगी लागते, आणि छंदापायी डोंगर खरवडणं योग्यही नाही.

सगळा मुरूम सारखा नसतो. पिवळट, बोटांत चुरडला जाणारा मऊ मुरूम दिसायला छान असतो, पण दोन पावसाळ्यांत त्याचा चिखल होतो. आपल्याला हवा तो करडा-तांबूस, टणक, तरीही अंगावर बारीक छिद्रं असलेला. पारख सोपी आहे. मूठभर खडे वाटीत पाण्यात बुडवून ठेवा आणि आठवडाभराने ते दोन बोटांत दाबा. आकार टिकला आणि पाणी फारसं गढूळ झालं नाही, तर तो मुरूम घ्यावा. खडे विरघळून तळाशी गाळ बसला असेल, तर तो रस्त्याच्या भरावासाठी ठीक आहे, बोन्सायसाठी नाही.

दुसरी तपासणी चुनखडीची. आपल्या भागात मुरमात पांढरे ठिपके आणि गाठी बऱ्याच दिसतात. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व थोड्या पाण्यात दाटसर विरघळवून त्या पांढऱ्या भागावर थेंब टाका. बुडबुडे आले तर तो चुना आहे, आणि असा मुरूम मिश्रण अल्कधर्मी करतो. पुढे पानं पिवळी पडण्याचं ते एक कारण ठरतं. बुडबुडे आले नाहीत आणि खडा स्फटिकासारखा चमकत असेल, तर तो बहुधा झिओलाइट नावाच्या खनिजांच्या गटातला किंवा गारगोटीसारखा असतो. त्याची काळजी करू नका. पांडवलेणीच्या डोंगराजवळच्या खाणीतले स्फटिक जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत, तेव्हा आपल्या गोणीत एखादा चमकता खडा निघाला तर नवल नाही.

वीट

विटेचं काम पाणी धरून ठेवण्याचं. पक्क्या विटेत असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. साध्या विटेने २४ तास पाण्यात बुडवल्यावर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये, अशी भारतीय मानकाची अट आहे. बांधकामाच्या दृष्टीने ती कमाल मर्यादा. आपल्या दृष्टीने अर्थ असा, की किलोभर विटेच्या तुकड्यांच्या पोटात २०० मिलिलिटरपर्यंत पाणी राहू शकतं, आणि तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेत तरीही हवाच असते. बारीक खडीचे तुकडे तेवढ्याच आकाराचे असले तरी ते जवळपास पाणी शोषत नाहीत. म्हणून नुसत्या खडीत लावलेलं झाड मे महिन्यात दुपारपर्यंत मान टाकतं.

वीट पक्की भाजलेली हवी. दोन विटा एकमेकींवर हलकेच आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे. फिकट, नखाने ओरखडा पडणारी कच्ची वीट कुंडीत पुन्हा माती होते. उलट भट्टीत जळून काळसर, काचेसारखी झालेली वीट पाणीच शोषत नाही, तीही नको. भट्टीवर तुटक्या विटांचा ढीग असतो, तिथून आणणं सगळ्यात स्वस्त. पडक्या वाड्याच्या विटा घेणार असाल तर चिकटलेला चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा पूर्ण काढून टाका. करड्या रंगाच्या राखेच्या विटा आणि पांढरे हलके ब्लॉक अजिबात घेऊ नका. त्यात चुना आणि सिमेंट असतं.

जुनी मंगलोरी कौलं मिळाली तर विटेपेक्षाही बरी. ती एकसारखी भाजलेली असतात आणि फुटतात छान. फुटक्या मडक्याच्या खापऱ्याही चालतात. फोडायची रीत: तुकडे आधी भिजवा, जाड गोणपाटात गुंडाळा, फरशीवर ठेवून हातोडीने ठोका. भिजवल्याने धूळ उडत नाही. तरी नाकाला मास्क बांधा. विटेची आणि दगडाची बारीक धूळ फुफ्फुसाला घातक असते, आणि हे काम आपण वर्षानुवर्षं करणार असतो.

पानखत आणि इतर

सेंद्रिय भाग थोडाच हवा, पण नीट कुजलेला हवा. अंगणातला पालापाचोळा वर्षभर कुजवून केलेलं पानखत सर्वांत उत्तम. हातात घेतल्यावर त्याला पावसाळी रानाचा वास यावा, आंबूस किंवा शेणाचा वास येऊ नये. अर्धवट कुजलेलं शेणखत कुंडीत गरम होतं आणि त्यासोबत हुमणी ही मुळं खाणारी अळीही येते. गांडूळखत चांगलं, मात्र फार बारीक. ते मिश्रणात घालण्यापेक्षा वरून चिमूटभर घालत राहावं.

कोकोपीटबद्दल, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाबद्दल, सावध राहा. नर्सरीत ते सर्रास मिळतं, हलकं असतं, म्हणून निम्मं-निम्मं घातलं जातं. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये अशी कुंडी दिवसचे दिवस निथळत नाही. शिवाय न धुतलेल्या कोकोपीटमध्ये क्षार असतात. त्याऐवजी नारळाच्या सोडणाचे हरभऱ्याएवढे तुकडे करून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन वापरले तर ते पानखताच्या जागी चालतात. घोटी-इगतपुरीकडच्या भाताच्या गिरण्यांतून तूस आणून ते काळं होईपर्यंतच जाळलं आणि लगेच पाणी मारून विझवलं, तर तेही १० टक्क्यांपर्यंत उपयोगी पडतं. पांढरी राख होऊ देऊ नका. पर्लाइट (खनिजाचे पांढरे, हलके दाणे) वजन कमी करायला ठीक, पण ते पाण्याबरोबर तरंगून वर येतं. खडी फोडणाऱ्या क्रशरची कच मात्र नको. तिच्यात भुकटीच जास्त.

चाळणं

तीन चाळण्या लागतात: ६ मिलिमीटर भोकांची, ३ मिलिमीटरची आणि दीड ते २ मिलिमीटरची. पहिल्या कामाला गवंडी वाळू चाळतात तसली जाळी चालते. दुसऱ्यासाठी भांड्यांच्या दुकानात धान्य चाळायच्या चाळण्या पाहा. दुकानदार सांगेल त्यावर न जाता भोक पट्टीने मोजून घ्या. धान्याच्या भाषेत सांगायचं तर हरभऱ्याहून मोठं काही नको, मोहरीहून बारीक काही नको, आणि बहुतेक कण ज्वारीच्या दाण्याच्या आगेमागे हवेत.

मुरूम आणि वीट वेगवेगळी चाळा, एकत्र करून नाही. दोन्ही आधी उन्हात पूर्ण वाळवून घ्या, कारण ओल्या कणांना धूळ चिकटून राहते आणि चाळणीतून खाली पडत नाही. ६ मिलिमीटरच्या जाळीवर जे राहील ते पुन्हा फोडायला टाका. खाली पडलेलं ३ च्या चाळणीवर घ्या. इथे वर राहिलेला भाग, म्हणजे ३ ते ६ मिलिमीटरचा, हाच मुख्य माल. त्याखालचा भाग शेवटच्या चाळणीवर घ्या. वर उरलेले २-३ मिलिमीटरचे कण तळहाताएवढ्या लहान कुंड्यांसाठी आणि पृष्ठभागावरच्या पातळ थरासाठी वेगळे ठेवा. शेवटच्या चाळणीतून पडलेली भुकटी निर्दयपणे बाजूला काढा. ती जमिनीतल्या झाडांना घाला, गच्चीवरच्या मोठ्या कुंड्यांना घाला, पण बोन्सायच्या मिश्रणात परत जाऊ देऊ नका.

इथे जीव तुटतो. गोणीभर मुरमातून बऱ्याचदा निम्म्याहून जास्त भुकटीच निघते आणि इतकी मेहनत वाया गेल्यासारखं वाटतं. थोडी भुकटी राहिली तर काय बिघडलं, असंही वाटतं. बिघडतं ते असं: जाड कणांमधल्या ज्या पोकळीत हवा राहायची, तिथेच ती भुकटी जाऊन बसते. पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर ती खाली सरकते आणि वर्षभरात तळाशी चिखलाची वडी तयार होते. उत्तम प्रमाणाचं मिश्रण न चाळता वापरलं तर ते निकामी असतं. कामचलाऊ प्रमाणाचं मिश्रण नीट चाळलेलं असेल तर झाड जगतं आणि वाढतं.

चाळून झाल्यावर मुरूम आणि वीट घमेल्यात घेऊन दोन पाण्यांनी धुवा, गढूळपणा जाईपर्यंत. विटेचे तुकडे रात्रभर पाण्यात ठेवले तर लावणीच्या वेळी ते मुळांचं पाणी ओढत नाहीत. पानखतही ३ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून त्याचा वर राहिलेला खरबरीत भागच घ्या.

प्रमाण

मोजमाप वजनाने नाही, एकाच डब्याने करा. सुरुवात करणाऱ्यासाठी एकच मूळ मिश्रण लक्षात ठेवण्यासारखं आहे: ४ डबे मुरूम, ४ डबे वीट, २ डबे पानखत. नाशिक शहरात, दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळणाऱ्या गच्चीवर, रोज पाणी देणाऱ्या माणसाच्या हाताखाली यात बहुतेक देशी झाडं निभावतात. पुढचे सगळे बदल झाडाच्या तहानेनुसार.

वड, पिंपळ, पिंपरी, नांदरूक यांना मुळांशी ओलावा आवडतो आणि वाढीचा वेग मोठा असतो. त्यांच्यासाठी वीट ५, मुरूम ३, पानखत २. उंबर आणि जांभूळ ही मुळात ओढ्याकाठची झाडं. त्यांना वीट ५, मुरूम २, पानखत ३ द्या. बाभूळ, हिवर, शमी, खैर, बोर, करवंद, कवठ ही माळरानाची आणि कोरड्या उतारांची मंडळी. त्यांना मुरूम ६, वीट ३, पानखत १ पुरतं. जास्त पानखत दिलं तर फांद्यांची पेरं लांबतात आणि बोन्सायला हवा तो घट्टपणा जातो. चिंच मूळची आफ्रिकेची, पण ती आपल्याकडे इतकी जुनी आहे की कुणी तिला परकी म्हणणार नाही; तिला मूळ मिश्रण चालतं.

जागेनुसारही फरक करावा लागतो, कारण नाशिक जिल्हा म्हणजे एक हवामान नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पाऊस शहराच्या कितीतरी पट पडतो. तिथे पानखत एक डबा कमी करून मुरूम एक डबा वाढवा. सिन्नर-येवल्याकडे कोरडा वारा असतो. तिथे मुरूम एक डबा कमी, वीट एक डबा जास्त. घरात दिवसभर कुणी नसेल आणि उन्हाळ्यात दुसरं पाणी देणं शक्य नसेल, तर कण थोडे बारीक घ्या (२ ते ४ मिलिमीटर), पण भुकटी घालून ओल वाढवू नका.

वापरण्याआधी मोजून पाहा

मिश्रणात हवा किती राहते हे अंदाजाने सांगायची गरज नाही, मोजता येतं. तुम्ही वापरणार त्याच खोलीची एखादी प्लॅस्टिकची डबी घ्या, कारण स्पंजच्या प्रयोगात पाहिलं तसं, उंची बदलली की उत्तर बदलतं. डबीत काठापर्यंत किती पाणी मावतं ते मोजा. समजा १,००० मिलिलिटर. आता तळाला भोकं पाडा, त्यांवर बाहेरून चिकटपट्टी लावा, आणि आधी भिजवून निथळलेलं मिश्रण काठापर्यंत भरा. हलकेच ठोकून बसवा, दाबू नका. मग पाणी पृष्ठभागाशी येईपर्यंत सावकाश ओता आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर पुन्हा भरा. शेवटी डबी भांड्यावर धरून पट्टी काढा आणि गळून आलेलं सगळं पाणी मोजा. २५० मिलिलिटर आलं तर हवेची जागा २५ टक्के.

२० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर निर्धास्तपणे वापरा. १५ च्या खाली असेल तर भुकटी राहिली आहे किंवा पानखत जास्त झालं आहे, परत चाळा. ४० च्या वर गेलं तर मिश्रण मोकळं आहे, पण एप्रिल-मेच्या ४० अंशांत ते सांभाळणं कठीण जाईल. विटेचा भाग वाढवा.

जुना मातीचा गोळा

नर्सरीतून आणलेलं रोप जवळजवळ नेहमीच चिकट लाल किंवा काळ्या मातीच्या पिशवीत असतं. तो गोळा तसाच ठेवून भोवती आपलं सुंदर, चाळलेलं मिश्रण भरलं, तर झाड काही महिन्यांत रोगट दिसायला लागतं. बाहेरचा भाग पाच मिनिटांत निथळतो, आतला गोळा एकतर ओलाच राहतो किंवा एकदा वाळला की पुन्हा भिजतच नाही, कारण पाणी भोवतालच्या सोप्या वाटेने निघून जातं. मिश्रणावर इतकी मेहनत घेऊनही अपयश येतं ते बहुतेक वेळा इथे.

वडवर्गातल्या झाडांची मुळं पूर्ण धुऊन नव्या मिश्रणात लावता येतात, मात्र योग्य वेळी: मेअखेर ते जुलै, उकाडा असताना आणि हवेत ओल आल्यावर. मातीचा गोळा बादलीत भिजवा, लाकडी काडीने किंवा चॉपस्टिकने बाहेरून आत उकलत जा आणि पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढा. थंडीत हे करू नका. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली जातो अशा दिवसांत वड-पिंपळ नवी मुळं काढत नाहीत, आणि कापलेली मुळं कुजतात.

बाभूळ, शमी, कवठ यांचं सोटमूळ मोठं आणि ती मुळांची छेडछाड सहन करत नाहीत. त्यांच्या गोळ्याचा पहिल्या वेळी बाहेरचा एक तृतीयांश भागच काढा, पुढच्या बदलीला आणखी एक तृतीयांश. आपटा, पळस, पांगारा अशी पानं गाळणारी झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये, नव्या कोंबांची टोकं फुगायला लागली की बदला.

जंगलातून झाडं उकरून आणू नका, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. अंजनेरी, ब्रह्मगिरी यांच्या उतारांवरची खुरटलेली करवंदं आणि अंजनी बोन्सायवाल्याला मोह घालतात. पण ती वनजमीन आहे, आणि अंजनेरीवर इतरत्र न सापडणाऱ्या वनस्पती आहेत. तिथे एक खड्डा खणला तरी शेजारचं काय उपटलं जाईल ते कळत नाही. इमारत पाडताना भिंतीतून निघणारे वड-पिंपळ मात्र मालकाला विचारून जरूर घ्या. ते नाहीतर मलब्यात जातात.

वाढीच्या पहिल्या काही वर्षांत महागडा ट्रे नको. टोमॅटो-द्राक्षांचं जुनं प्लॅस्टिक क्रेट किंवा भाजीची जाळीदार टोपली उत्तम. चारही बाजूंनी हवा शिरते, मुळांची टोकं हवेशी येऊन थांबतात आणि आतल्या बाजूला नवी मुळं फुटतात. आतून शेडनेटचा तुकडा घाला म्हणजे कण सांडणार नाहीत. झाड तारेने टोपलीला पक्कं बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं तुटत राहतात. मिश्रण काडीने मुळांमध्ये सरकवत भरा, पोकळी राहू देऊ नका, आणि भोकांतून येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत पाणी घाला. मग दोन-तीन आठवडे सावलीत.

पाणी आणि खत

या मिश्रणात पाणी जास्त झालं म्हणून झाड सहसा मरत नाही, विसरलं म्हणून मरतं. हिवाळा सरल्यापासून मार्चपर्यंत दिवसातून एकदा, एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळ, पावसाळ्यात उघडीप असेल तरच, आणि हिवाळ्यात काडी घालून पाहून. लाकडी काडी ३ सेंटीमीटर आत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. ओली आली तर थांबा. दर वेळी द्याल तेव्हा भरपूर द्या, तळातून वाहेपर्यंत.

महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी झाडांना मानवतं. बोअरचं पाणी जड असेल तर विटेच्या तुकड्यांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर येतो. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवल्या की बरेच क्षार धुऊन जातात. तरीही नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या, तर ती बहुधा लोहाची कमतरता आहे; खत वाढवून ती जात नाही. द्राक्ष बागायतदार वापरतात ते चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं) कृषी सेवा केंद्रात मिळतं. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने, संध्याकाळच्या वेळी द्या.

मुरूम आणि विटेत झाडाला खायला जवळपास काही नसतं, म्हणून खत नियमित हवं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर महिन्याला निंबोळी पेंड पृष्ठभागावर टाका, २० सेंटीमीटरच्या कुंडीला एक चमचा. जोडीला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, दर १५ दिवसांनी. बाभूळ, शमी, खैर, हिवर यांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी असतात. त्यांना याच्या निम्मं. नुकत्याच बदललेल्या झाडाला नवी पालवी स्थिर होईपर्यंत, साधारण महिनाभर, काहीच देऊ नका.

वड-उंबर दोन वर्षांनी, माळरानातली झाडं तीन-चार वर्षांनी बदलायला काढा. त्या वेळी जुनं मिश्रण फेकू नका. ते वाळवून पुन्हा त्याच तीन चाळण्यांतून काढा. विटेचे तुकडे जवळपास तसेच परत मिळतात, मुरमाचा काही भाग भुकटी झालेला असतो आणि पानखत संपलेलं असतं. टिकलेले कण धुऊन कडक उन्हात आठवडाभर पसरा, कमी पडेल तेवढा मुरूम आणि नवं पानखत घाला, आणि पुढच्या झाडाला वापरा. मुळं कुजून मेलेल्या झाडाचं मिश्रण तेवढं बाजूला ठेवून जमिनीत टाका.